‘ठ’ला आठ कोपरे

पुण्यात कबड्डीच्या जर्सीवर नावं टाकायची तर बरेच जण रेडियमवाल्याकडे जातात. (त्या ‘रेडियम’मध्ये रेडियमचा कणही नसतो, ते असतं साधं व्हिनाइल.) मंडळाच्या पोरांना हवा असतो तो जाडजूड, कोपरे छाटलेला फाँट. हा अष्टकोनी थाट अमेरिकी कॉलेजांच्या खेळाडूंच्या कपड्यांवर रुजला. कापडातून अक्षर कापायचं तर कात्रीला गोलापेक्षा सरळ काप सोपा, हे उघडच आहे.

पण आपला ‘ठ’? अशोकाच्या शिलालेखांतला ब्राह्मी ‘ठ’ म्हणजे निव्वळ एक वर्तुळ. दोन हजारांहून जास्त वर्षं त्याने गोलाई सोडली नाही. जर्सीवरच्या ‘राठोड’मध्ये मात्र त्याला आठ कोपरे फुटतात, आणि तरीही वाचताना कुणी अडखळत नाही.

१९५४ मध्ये फ्रेड ॲटनीव्ह या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने झोपलेल्या मांजराचं एक चित्र छापलं. मांजराची कड जिथे सर्वांत जास्त वळते असे ३८ बिंदू त्याने निवडले आणि ते पट्टीने सरळ जोडले. मांजर लगेच ओळखू येतं. सरळ रेषा पुढे कुठे जाणार याचा अंदाज डोळ्याला असतोच. नवी माहिती मिळते ती वळणावर. पत्ता सांगतानाही आपण सरळ रस्त्याचं वर्णन करत बसत नाही, वळायचं कुठे तेवढंच सांगतो. ‘ठ’ ओळखायला आठ कोपऱ्यांवरची एवढी माहिती पुरते.

उलट एक फायदाच होतो. गोल अक्षर तळाला एका बिंदूत टेकतं म्हणून लहान भासतं, आणि अक्षररचनाकाराला ते मुद्दाम किंचित मोठं काढावं लागतं. अष्टकोनाला सपाट बूड असतं, त्यामुळे ही उठाठेव बरीचशी वाचते.

खरी गोची होते ‘भ’ आणि ‘म’मध्ये. (‘घ’ आणि ‘ध’ही त्यातलेच.) ‘म’ची शिरोरेघ सलग असते, ‘भ’ची डावीकडे तुटलेली. तिथली छोटी गाठ कोनात बसवली की सपाट पट्टी होऊन बसते, आणि फरक उरतो तो एका फटीपुरता. चांगल्या नजरेला डोळ्याशी साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन करणारं अंतर वेगळं दिसतं. या हिशेबाने ५ मिलिमीटरची फट १७ मीटरच्या आसपास बुजते. पुरुषांचं कबड्डीचं मैदानच १३ मीटर लांब. म्हणजे पलीकडच्या टोकाचा ‘भोसले’ अलीकडच्या चौथ्या-पाचव्या रांगेतून ‘मोसले’ दिसायला लागतो. भोसरीतल्या कारखान्याच्या पाटीचं तर विचारूच नका, ती चालत्या गाडीतून वाचायची असते.

इलाज अक्षर बारीक करण्याचा नाही. मग तो रुबाब कुठला? माझ्या मते जाडी उभ्या दांड्यात ठेवावी, शिरोरेघ थोडी सडपातळ करावी आणि वाचलेली जागा त्या फटीला द्यावी. ‘भ’ची गाठ छाटायची ती तिरकी, म्हणजे तिचं टोक शिरोरेघेच्या ओळीत येत नाही. मग प्लॉटरमधून (म्हणजे व्हिनाइल कापणाऱ्या यंत्रातून) एकच ‘भ’ काढायचा, समोरच्या भिंतीला चिकटवायचा आणि रस्ता ओलांडून पलीकडून बघायचा.