मुलाचे केस गळताहेत, की मूल ते उपटतंय?

एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) औषध आमच्या दुकानातून नेणाऱ्या पालकांसाठी

केसांचं तेल मागायला आलेल्या एका आईने मोबाईलवर फोटो दाखवला. आठ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर उजवीकडे रुपयाएवढी मोकळी जागा. "चाई लागली असेल का हो?" फोटो मोठा करून पाहिला, तर त्या जागेत आखूड-लांब खुंट दिसले. चाईची जागा बहुधा गुळगुळीत असते; केस उपटलेल्या जागी बोट फिरवलं की खरखरीत लागतं. मुलीला मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध सुरू होऊन पाच आठवडे झाले होते. आम्ही तेल दिलं नाही, डॉक्टरांना फोन करायला सांगितलं.

केस, भुवया, पापण्या उपटण्याच्या या त्रासाला ट्रायकोटिलोमेनिया म्हणतात. मिथाइलफेनिडेट सुरू केल्यावर तो दिसल्याच्या आणि काही मुलांत औषध थांबवल्यावर गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पण त्या मोजक्याच. एडीएचडी असलेली काही मुलं औषध नसतानाही केस उपटतात. म्हणून तारखा लागतात. औषध कधी सुरू झालं, मात्रा कधी वाढली, पहिला केस उशीवर किंवा वहीत कधी सापडला, हे भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा. डॉक्टरांना त्यावरूनच ठरवता येईल.

तोवर गोळी स्वतःहून बंद करू नका, कमीही करू नका. क्लोनिडिन (एडीएचडीवर दिलं जाणारं दुसरं औषध) चालू असेल तर मुळीच नाही; ते एकदम बंद केलं तर रक्तदाब उसळू शकतो.

"हात काढ डोक्यातून!" असं दहादा ओरडून काही होत नाही, मूल फक्त लपून उपटायला लागतं. ते हे मुद्दाम करत नाही. हात डोक्याकडे गेला की मिनिटभर मूठ घट्ट आवळायची, असा सराव समुपदेशक शिकवतात. त्याचा खरोखर उपयोग होतो.

मूल उपटलेले केस गिळतंय का, तेही बघा. पोटात केसांचा गोळा होऊ शकतो. मिथाइलफेनिडेटने भूक तशीही मंदावते, त्यामुळे "जेवत नाही, गोळीमुळेच असेल" असं म्हणून पोटदुखी आणि उलट्या अंगावर काढल्या जातात. तसं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत येतं, म्हणून चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात. एक आम्ही ठेवून घेतो. ती देताना मुलात काही बदल दिसला असेल तर तोही सांगा. दुष्परिणामाची नोंद पालकांनाही करता येते: भारतीय औषध दक्षता कार्यक्रम, टोल फ्री १८०० १८० ३०२४. फॉर्म भरायला आम्ही मदत करू.