पर्डिटा : तेरा वर्षं फोटोत असूनही न दिसलेला चंद्र

विल्यम हर्शेलने १७८१ मध्ये युरेनस शोधला आणि १७८७ मध्ये त्याचे दोन मोठे चंद्र, टायटानिया आणि ओबेरॉन. आपल्या पंचांगात या ग्रहाला ‘हर्षल’ म्हणतात ते त्याच्याच नावावरून. मला मात्र या कुटुंबातल्या जेमतेम तीस किलोमीटर व्यासाच्या पर्डिटाची गोष्ट जास्त भावते.

जानेवारी १९८६ मध्ये व्हॉयेजर-२ युरेनसजवळून गेलं. आजवर तिथे गेलेलं ते एकमेव यान. त्याच्या फोटोंमधून दहा नवे चंद्र सापडले आणि काम संपलं असं वाटलं. मग १९९९ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातले एरिच कार्कोश्का तेच जुने फोटो पुन्हा तपासत बसले आणि त्यांना अकरावा ठिपका दिसला. तेरा वर्षं तो सगळ्यांसमोर होता!

आनंद फार टिकला नाही. एवढा अंधूक चंद्र पुन्हा टिपायचा कसा? युरेनसच्या उजेडापुढे तो कोटीहून अधिक पट मंद. दुसरा पुरावा मिळेना, म्हणून २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने तो यादीतून काढून टाकला. नियम म्हणून ते बरोबरच होतं, पण कार्कोश्कांसाठी वाईट वाटतं.

२००३ मध्ये मार्क शोवाल्टर आणि जॅक लिसॉअर यांनी हबल दुर्बिणीतून युरेनसचा परिसर न्याहाळला. क्युपिड आणि मॅब हे दोन नवे चंद्र मिळाले, आणि त्यांच्याबरोबर कार्कोश्कांचा ठिपकाही. नाव ठेवलं पर्डिटा. शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’मधली, तान्हेपणीच टाकून दिलेली आणि पुढे सापडलेली राजकन्या, लॅटिनमध्ये शब्दाचा अर्थच ‘हरवलेली’.

ग्रहाच्या केंद्रापासून सुमारे ७६,४०० किलोमीटरवरून पर्डिटा सव्वापंधरा तासांत एक फेरी पूर्ण करतो. आतल्या बाजूला अवघ्या साडेअकराशे किलोमीटरवर बेलिंडा या दुसऱ्या चंद्राची कक्षा आहे. बेलिंडाच्या ४४ फेऱ्या होतात तेवढ्यात याच्या ४३. ही लय दोघांना बांधून ठेवते. तरी या भागात चंद्रांची इतकी दाटी आहे की काही दशलक्ष वर्षांत इथे टकरी होतील असं गणितं सांगतात.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रात युरेनसच्या कड्यांजवळ नऊ छोट्या चंद्रांवर नावं लिहिलेली आहेत. त्यांत पर्डिटाही आहे.