वेष्टनाच्या कचऱ्याचा खर्च आणि गरीब घरं : पार्श्वभूमी

रिकाम्या बाटल्या, डबे, पुठ्ठे आणि पाकिटं गोळा करण्याचा खर्च कुणी करायचा, हा वाद निघाला की दोन बाजू लगेच समोर येतात. एक म्हणते, कचरा ज्याच्यामुळे होतो त्याने पैसे भरावेत. दुसरी म्हणते, कंपन्या ते पैसे किमतीत घालतील आणि गरिबाच्या खिशालाच चाट बसेल. पहिली बाजू धोरणात रुजायला काही दशकं लागली. दुसरीचं म्हणणं मात्र कायदे करताना फार काळ नीट तपासलंच गेलं नाही.

‘प्रदूषण करणाऱ्याने भरावं’ हे तत्त्व ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेने 1972 मध्ये स्वीकारलं. त्या वेळी नजरेसमोर होते कारखान्यांचे धूर आणि सांडपाणी. घरातला कचरा उचलणं हे पालिकेचं काम होतं आणि पैसा करांतून किंवा सफाई शुल्कातून यायचा. 1990 मध्ये स्वीडिश संशोधक थॉमस लिंडक्विस्ट यांनी स्वीडनच्या पर्यावरण मंत्रालयासाठी केलेल्या अहवालात विस्तारित उत्पादक जबाबदारीची, म्हणजे वस्तू वापरून झाल्यावर उरणाऱ्या कचऱ्याची जबाबदारीही ती बनवणाऱ्यावरच राहावी, ही कल्पना मांडली. वस्तू विकली की कंपनीचा त्या वस्तूशी संबंध संपत असेल, तर वेष्टन कमी करायला तिला कारणच राहत नाही, हा त्यामागचा विचार.

कायदा आधी जर्मनीत आला. कचरा पुरायला जागा उरत नव्हती, तेव्हा पर्यावरणमंत्री क्लाउस टॉफर यांच्या काळात 1991 चा वेष्टन अध्यादेश निघाला. वेष्टन परत घेण्याची जबाबदारी उद्योगांवर आली आणि त्यांनी ती ‘ग्रीन डॉट’ चिन्हाच्या सामायिक यंत्रणेकडे सोपवली. चिन्ह वापरायचं तर शुल्क भरायचं. अनेक कंपन्या चिन्ह छापत, पण पूर्ण शुल्क भरत नसत, त्यामुळे 1993 मध्ये यंत्रणा जवळजवळ दिवाळखोरीत गेली. त्याच सुमारास शुल्क आकारमानाऐवजी वजनावर आणि साहित्याच्या प्रकारावर लावलं गेलं. हा बदल तांत्रिक वाटतो, पण गरीब घरांच्या प्रश्नाची गाठ त्यातच आहे.

उत्पन्न जितकं कमी, तितका त्यातला अन्नावर जाणारा वाटा मोठा, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी 1857 मध्येच दाखवलं होतं. घरातलं वेष्टन येतं ते मुख्यतः अन्नाबरोबर आणि साबण-तेलाबरोबर. शुल्क किमतीत उतरलं, तर कमाईच्या प्रमाणात ते गरीब घराला जास्त लागणार. त्यात हातावर पोट असलेली माणसं मोठी बाटली क्वचितच घेतात. त्या दिवसापुरती छोटी पुडी घेतात, कारण एकदम मोठी रक्कम हातात नसते.

पुडी वजनाला हलकी असते. शुल्क नुसतं वजनावर असेल तर तिच्यावर ते नाममात्र बसतं, आणि ती गटारांत, रस्त्यांवर साचत राहते. कचरागाडी नियमित येत नाही अशा वस्त्यांत हा त्रास सर्वांत जास्त. उलट, पुनर्वापर न होणाऱ्या बहुस्तरीय वेष्टनाला (पुडीचं वेष्टन बहुधा असंच, वेगवेगळे थर चिकटवून केलेलं असतं) जबर शुल्क लावलं, तर भार पडतो पुडीशिवाय दुसरं काही परवडत नाही त्याच्यावर. फिलिपिन्सने 2022 मध्ये मोठ्या कंपन्यांना प्लास्टिक वेष्टन परत मिळवणं बंधनकारक केलं. 2023 मध्ये 20 टक्के आणि 2028 पर्यंत 80 टक्के, अशी उद्दिष्टं आहेत. पुडी तिथे रोजच्या खरेदीचाच भाग असल्याने हा पेच तिथे सर्वांत उघड दिसतो.

किमती खरोखर वाढतात का? अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने असा कायदा करण्याआधी करवून घेतलेल्या अभ्यासात कॅनडाच्या प्रांतांतल्या किमतींची तुलना झाली. त्यातल्या काही प्रांतांत उत्पादक शुल्क होतं, काहींत नव्हतं. पद्धतशीर फरक आढळला नाही. समर्थक याचा दाखला देतात. पण मोठ्या कंपन्या बहुधा सगळीकडे एकच किंमत ठेवतात. मग शुल्काचा खर्च सगळ्याच गिऱ्हाइकांत वाटला जातो, आणि जिथे कायदा नाही तिथल्या घरांनाही तो भरावा लागू शकतो, तोही कोणतीही सेवा न मिळता. फरक दिसला नाही म्हणजे भार नाही, असं मला म्हणूनच म्हणवत नाही. न्यूयॉर्कमध्ये अशाच कायद्यावरून झालेल्या वादात विरोधकांनी किराणा बराच महागण्याचे अंदाज मांडले. पण जुनी व्यवस्थाही गरिबाला फुकट नव्हती. प्रत्येक घराला सारखं सफाई शुल्क असेल, तर तेही त्यालाच जड जातं.

म्हणून खरा प्रश्न, उत्पादक खर्च उचलू लागले की पालिकेच्या वाचलेल्या पैशाचं काय होतं, हा आहे. ब्रिटनमध्ये 1997 पासूनच्या पद्धतीत, ज्यात वेष्टनाचा पुनर्वापर झाल्याची प्रमाणपत्रं विकत घेतली जात, उत्पादक खर्चाचा थोडाच वाटा उचलत. 2025 पासून घरगुती वेष्टनाचा खर्च त्यांच्याकडून वसूल करून तो स्थानिक संस्थांना दिला जाऊ लागला आहे. युरोपीय संघानेही 2024 अखेरपर्यंत सर्व वेष्टनासाठी अशी योजना सक्तीची केली. कंपनीचे पैसे पालिकेकडे आले, पण घराचं सफाई शुल्क तसंच राहिलं, तर ते घर एकाच कचऱ्यासाठी दोनदा पैसे भरतं. शुल्क कमी व्हावं किंवा ते पैसे दुर्लक्षित वस्त्यांतल्या कचरागाड्यांवर खर्च व्हावेत, असं बंधन असल्याशिवाय ही भरपाई आपोआप होत नाही.

गरीब घरांचा आणखी एक गट आहे. कचरा वेचून पोट भरणारा. उत्पादकांच्या संस्था ठेकेदारांमार्फत कचरा गोळा करू लागल्या की विकाऊ बाटल्या, पुठ्ठे आधी त्यांच्या गाड्यांत जातात. ब्राझीलच्या 2010 च्या घनकचरा कायद्याने वेचकांच्या सहकारी संस्थांना व्यवस्थेत स्थान दिलं, चिलीच्या 2016 च्या कायद्यातही त्यांचा उल्लेख आहे. दक्षिण आफ्रिकेच्या 2021 पासून लागू झालेल्या नियमांनी एक पाऊल पुढे टाकलं. वेचकांनी आणलेल्या मालाच्या किमतीखेरीज वेगळं सेवाशुल्कही त्यांना द्यावं, अशी जबाबदारी उत्पादकांवर टाकली. मात्र ते नोंदणीकृत वेचकांसाठी आहे. ज्यांच्याकडे ओळखपत्रच नाही अशा माणसांची नोंदणी होईपर्यंत हे शुल्क त्यांच्या घरी पोहोचणार नाही.