गोमांसाच्या व्यापारातली ३० महिन्यांची अट

जनावरांच्या रोगांविषयीचे आंतरराष्ट्रीय नियम सुरू झाले ते बुळकांडी या गुरांच्या साथीच्या रोगामुळे. १९२० मध्ये भारतातून ब्राझीलकडे निघालेली जनावरे वाटेत अँटवर्पला उतरवली गेली आणि रोग बेल्जियममध्ये शिरला. त्या धास्तीतून १९२४ मध्ये २८ देशांनी पॅरिसमध्ये जनावरांच्या रोगांसाठी कायमस्वरूपी संस्था उभारली. पुढे बराच काळ मांसाच्या व्यापारात मोठी भीती होती लाळ्या-खुरकुताची. तिच्यावर निदान तोडगा होता: मांस थंडाव्यात मुरवायचे, आम्लता वाढून स्नायूंतला विषाणू मरतो, हाडे आणि लसिकाग्रंथी काढून टाकायच्या.

बीएसईपुढे, म्हणजे गुरांच्या मेंदूला होणाऱ्या ‘मॅड काऊ’ रोगापुढे, हा तोडगा चालेना. या रोगाचे कारण असलेले विकृत प्रथिन शिजवूनही नष्ट होत नाही. ब्रिटनमध्ये हा रोग १९८६ मध्ये ओळखला गेला. मार्च १९९६ मध्ये माणसांतल्या जीवघेण्या आजाराशी त्याचा संबंध असण्याची शक्यता सरकारने मान्य केली आणि युरोपने ब्रिटिश गोमांस बंद केले. त्याच वर्षी ब्रिटनने ३० महिन्यांपुढची जनावरे माणसांच्या खाण्यातून वगळली.

हा आकडा नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचे सारे भांडण त्याभोवतीच झाले. संसर्ग वासरूपणी होतो, पण मेंदू आणि मज्जारज्जूत तो साठायला वर्षे लागतात. कोवळ्या जनावरात धोका कमी, एवढाच त्याचा अर्थ. ३० व्या महिन्यात काही वेगळे घडते असा नाही. शिवाय अनेक ठिकाणी जन्माची नोंदच नसते, तिथे वय दातांवरून ठरवतात. जपानला २००३ मध्ये २१ आणि २३ महिन्यांची बाधित जनावरे सापडली होती, म्हणून पुढे त्याने अमेरिकी मांसासाठी २० महिन्यांची मर्यादा घातली. रोग एकच, रेघा दोन.

डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेत पहिली बाधित गाय आढळली. ती कॅनडातून आणलेली होती, तरी जपान आणि दक्षिण कोरियाने आयात लगेच थांबवली. २००७ मध्ये पॅरिसच्या संस्थेने अमेरिकेला ‘नियंत्रित जोखीम’ असा दर्जा दिला. मेंदू, मज्जारज्जू असे जोखमीचे अवयव काढले तर वयाची अट नको, असा अमेरिकेचा आग्रह त्यानंतर वाढला. एप्रिल २००८ मध्ये, आपले राष्ट्राध्यक्ष अमेरिका दौऱ्यावर असताना, कोरियाने तो मान्य केला. सोलच्या रस्त्यांवर हजारो लोक मेणबत्त्या घेऊन उतरले. त्यांच्यात अफवाही फिरत होत्या, हे खरे. पण आपल्या ताटात काय येणार, हे लोकांना न विचारता ठरले, ही तक्रार अफवा नव्हती, आणि तिला ‘अज्ञान’ म्हणणे अन्यायाचे होते. जूनमध्ये तडजोड झाली: ग्राहकांचा विश्वास परत येईपर्यंत अमेरिकी निर्यातदार ३० महिन्यांच्या आतल्या जनावरांचेच मांस पाठवतील.

२०१३ मध्ये अमेरिकेचा दर्जा ‘नगण्य जोखीम’ झाला. त्याच वर्षी जपानने मर्यादा ३० महिन्यांवर नेली आणि २०१९ मध्ये ती पूर्णच काढली. कोरियातली तात्पुरती अट मात्र टिकून राहिली. २०२५ मध्येही अमेरिकेने व्यापारातल्या अडथळ्यांत तिचा उल्लेख केला.