गाभण घोडीचं अंडाशय झोपत नाही

कोल्हापुरात घोड्यांचं वेड जुनं. संस्थानी पागा गेल्या, तरी वरातीच्या आणि शर्यतीच्या घोड्या आहेत, आणि त्यांच्याबद्दल छातीठोक बोलणारेही आहेत. कसबा बावड्यात परवा असंच एक मत कानावर पडलं : 'घोडी फळली की अंडाशयाचं काम संपलं, पुढचं सगळं पिशवीच्या हातात.' घोडीच्या बाबतीत हे साफ उलटं आहे.

बीज सुटल्यावर अंडाशयात त्या जागी पीतपिंड तयार होतो. त्यातून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवतं आणि त्यावर गर्भ टिकतो. गर्भ नसेल, तर चौदा-पंधराव्या दिवशी गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडून हा पिंड मोडतं आणि घोडी पुन्हा माजावर येते. गर्भाला हे थांबवायला हवं. गायीत त्यासाठीचा रेणू सापडला आहे, इंटरफेरॉन टाऊ. घोडीतला अजून कोणालाच सापडलेला नाही. एवढं मात्र दिसतं की सोळाव्या दिवसापर्यंत गर्भ एका जागी थांबतच नाही. चौदाव्या दिवशी सोनोग्राफीत दीडेक सेंटीमीटरचं काळं वर्तुळ, म्हणजे गर्भ, गर्भाशयाच्या डाव्या शिंगात (फाट्यात) दिसतं, आणि थोड्या वेळाने पाहावं तर ते उजव्या शिंगात. प्रयोगात त्याला एकाच शिंगात अडकवलं, तेव्हा पीतपिंड वाचला नाही.

पण खरी गंमत छत्तिसाव्या दिवसाच्या आसपास सुरू होते. गर्भाच्या आवरणावर पेशींचा एक पट्टा असतो. त्यातल्या पेशी सुटून सरळ आईच्या गर्भाशयाच्या अस्तरात घुसतात, तिथेच ठाण मांडतात आणि त्यांच्या वाटीसारख्या गाठी बनतात. या गाठी आईच्याच असाव्यात असं बराच काळ मानलं जाई. त्या गर्भाच्या पेशींच्या आहेत हे 1972 च्या सुमारास स्पष्ट झालं. त्या ईसीजी (इक्वाइन कोरिऑनिक गोनाडोट्रोपिन) नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात ओततात. (हृदयाच्या ईसीजीशी याचा काही संबंध नाही.) गाभण घोडीच्या रक्तात असं काही असतं, हे कोल आणि हार्ट या संशोधकांनी 1930 मध्येच दाखवलं होतं. घोडीच्या शरीरात ईसीजी एलएचसारखं (बीज सोडवणाऱ्या संप्रेरकासारखं) वागतं, त्यामुळे गाभण असतानाच अंडाशयात नव्याने वाढलेल्या पुटकांचे (बीज असलेल्या पिशव्यांचे) जादा पीतपिंड बनतात आणि प्रोजेस्टेरॉन पुन्हा चढतं. म्हणजे पोटातलं पिल्लू आईच्या अंडाशयाला कामाला लावतं! साठ-सत्तर दिवसांच्या सुमारास ईसीजी कळसाला पोचतं. मग आईच्या पांढऱ्या पेशी या परक्या गाठींना घेरून संपवतात, आणि तोवर वार प्रोजेस्टेरॉनसारखी संप्रेरकं बनवू लागलेली असते. अंडाशय खरोखर थंडावतं ते पाच-सहा महिन्यांनंतर.

एक मात्र विचित्रच. खेचराचा गर्भ असेल, तर ईसीजी फारच कमी बनतं, तरी खेचरं सुखरूप जन्मतात. त्यामुळे जादा पीतपिंड कितपत आवश्यक, यावर वाद आहे.

चाळीस दिवसांनंतर घोडी गाभडली, तरी गाठी लगेच जात नाहीत. ईसीजी स्रवत राहतं आणि घोडी कित्येक आठवडे नीट माजावर येत नाही. मग नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधतात, उतारा काढतात. गाठी आपल्या वेळेनेच जातात, पण श्रेय उताऱ्याला! रक्तातल्या ईसीजीवरून 'गाभण आहे' असा निकालही अशा वेळी फसवा निघतो. म्हणूनच डॉक्टर पंधराव्या दिवसाच्या सुमारास सोनोग्राफीचा आग्रह धरतात. जुळी असतील, तर त्यांतलं एक वेळेवर कमी करता येतं. नाहीतर घोडीत बहुतेकदा दोन्ही जातात, आणि गाठी बसल्यानंतर गेली तर तो हंगामही बहुधा हातचा जातो.