मरळीच्या नोटा आणि चिल्लर

रविवारी सकाळी भोईपुऱ्याच्या मासळी बाजारात रोहू, कतला, मृगळ बर्फावर निपचित पडलेले असतात. मरळ मात्र टबात, ओंजळभर पाण्यात वळवळत असते. "जिती हाय दादा, हात लावून पाहा," मावशी म्हणते. हात लावला की ती अशी निसटते की शर्टावर चिखलाचा पट्टा उमटतो. मरळीच्या कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत हवेतला प्राणवायू शोषून घेण्याची सोय असते, म्हणून एवढ्याशा पाण्यातही ती तासन् तास तगते.

बाजारात मी रेंगाळतो तो मात्र एका वेगळ्याच हिशेबासाठी. रोहू, कतला आणि मृगळ यांची डोकी वेगळी, चव वेगळी, भाव वेगळा. पण तिघांच्याही पेशीत गुणसूत्रं, म्हणजे डीएनएचे गुंडाळलेले धागे, ५०च. मत्स्यबीज केंद्रात रोहू-कतल्याचा संकर होतो आणि त्या संकराला पुढे पिल्लंही होतात. आता टबातल्या मरळी बघा. सगळ्यांचं तोंड सापासारखं, अंग लांबुळकं, नवख्याला सगळ्या सारख्याच. पण ठिपक्यांची छोटी मरळ, म्हणजे चन्ना पंक्टाटा, हिची गुणसूत्रं ३२. पट्ट्यांच्या चन्ना स्ट्रायटाची ४०. ओढ्या-नाल्यात राहणाऱ्या बुटक्या चन्ना गाचुआची ७८! एकाच घरातल्या भावंडांत एवढी तफावत?

ही मोजणी करतात कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. जिवंत मासळीला कोल्चिसिन टोचतात. हे द्रव्य आपल्या कळलावीतही असतं, पावसाळ्यात रानात लालपिवळी फुलं दिसतात ना, तीच. कोल्चिसिनमुळे पेशीचं विभाजन मध्येच थांबतं आणि गुणसूत्रं आखडून जाड झालेली सापडतात. मग मूत्रपिंडाच्या पेशी अगदी सौम्य क्षाराच्या पाण्यात ठेवल्या की त्या फुगतात आणि गुणसूत्रं एकमेकांपासून सुटी होतात. ही युक्ती १९५२ मध्ये पेशीशास्त्रज्ञ टी. सी. श्यू यांच्या हाती लागली ती चुकीनं: प्रयोगशाळेत कुणीतरी द्रावण नको तेवढं पातळ केलं होतं. त्यानंतर चारच वर्षांनी माणसाची गुणसूत्रं ४८ नसून ४६ आहेत हे कळलं. तोवर पाठ्यपुस्तकं बिनदिक्कत ४८ छापत होती.

मग गाचुआकडे पंक्टाटाच्या दुप्पट माल आहे का? तसं नाही. शंभराची एक नोट काय आणि पन्नासच्या दोन काय, खिशातले पैसे तेच. पंक्टाटाकडे मोठ्या नोटा, बहुतेक लांब आणि दोन भुजांच्या, म्हणजे मधल्या गाठीच्या दोन्हीकडे धागा असलेल्या. गाचुआकडे चिल्लर, बहुतेक लहान आणि एका भुजेची. हाडांच्या बहुसंख्य माशांचा जुना आकडा ४८ धरतात. तिथून एकीकडे दोन-दोन गुणसूत्रं जुळत गेली, दुसरीकडे तुटत गेली.

जुळतात आणि तुटतात ती कुठेही नाही. इथे पुनरावृत्त डीएनए, म्हणजे तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येणारा मजकूर, येतो. आजीची रामनामाची वही आठवा. पानभर तेच दोन शब्द. उतरवताना नजर एक ओळ चुकली, चार नावं जास्त पडली किंवा कमी झाली, तर कुणाच्या लक्षात येत नाही. जनुक म्हणजे सातबारा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की प्रकरण तहसीलपर्यंत जातं. म्हणून जनुकं जपून, सावकाश बदलतात, आणि पुनरावृत्त मजकूर झपाट्यानं फुगतो-आटतो. माणसाच्या डीएनएतही प्रथिनं कशी बनवायची हे सांगणारा मजकूर दोन टक्क्यांच्या आत आहे, आणि जवळपास निम्मा भाग अशा वह्यांचा. काही तुकडे तर एका पानावरून उडी मारून दुसरीकडे जाऊन बसतात. मक्याच्या दाण्यांचे रंग बघत बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४०च्या दशकात हे ओळखलं. नोबेल मिळालं ते १९८३ मध्ये.

आता दोन वेगळ्या वह्यांची पानं सुटली आहेत आणि दोन्हींवर तेच रामनाम आहे असं समजा. बांधणाऱ्यानं एकीचं पान दुसरीला शिवलं तर त्याचा काय दोष? गुणसूत्राच्या मधल्या गाठीजवळ आणि टोकांना अशाच ओळी दाटीनं असतात. तिथे धागा तुटला की पेशीची दुरुस्ती यंत्रणा सारखा मजकूर शोधते, आणि कधी कधी भलत्याच गुणसूत्राला टाका घालते.

असा टाका कधी कधी दिसतोही. गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं शेकडो वेळा येतात. तीच मध्ये कुठे सापडली तर इथे पूर्वी टोक होतं असा संशय घ्यायला जागा असते. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात अशी खूण आहे. तिथे दोन गुणसूत्रं जुळली, म्हणून चिंपांझी-गोरिलांची ४८ आणि आपली ४६. खूण नाही म्हणजे जोड नाही, असं मात्र नाही. जुळतानाच टोकं गळून पडू शकतात. या ओळींवर चमकणारा रंग चढवून त्या सूक्ष्मदर्शकात बघायच्या पद्धतीला, गंमत म्हणजे, तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'फिश' म्हणतात.

मरळींतच हे इतकं का? एक पटणारं उत्तर त्यांच्या राहणीत आहे. गाचुआ लहान ओढ्यांत, डबक्यांत राहते, पिल्लांची राखण करते, फार दूर जात नाही. जोडलेलं किंवा तुटलेलं गुणसूत्र मोठ्या नदीत गर्दीत हरवून जातं. उन्हाळ्यात आटलेल्या डबक्यात वीस-पंचवीस मासे उरले तर तेच नशिबानं सगळ्यांचं होऊ शकतं. भंडारा-गोंदियाचे मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव डोळ्यांपुढे आणा, म्हणजे पाण्याचे असे सुटे सुटे तुकडे कसे असतात ते कळेल. अर्थात ते तलाव माणसांनी बांधलेले, काही शतकांचे. मरळींचा हा खेळ त्याच्या कितीतरी आधीचा.

आणि थायलंडमध्ये गाचुआ याच नावाच्या माशात गुणसूत्रं १०४ भरली आहेत. तो आणि आपल्याकडचा ७८वाला एकच मासा म्हणायचा का, हा वाद आहे. मला विचाराल तर नाव एक आणि मासे अनेक, असंच निघणार.