रजेची वाटणी आणि रजेतला वाटा

"बाळाची रजा आम्ही वाटून घेणार आहोत," असं हल्ली बरीच जोडपी सांगतात आणि ऐकून खरंच बरं वाटतं. पण रजेचे नियम वाचायला बसलं की या एका वाक्यात दोन अगदी निराळ्या गोष्टी एकत्र झालेल्या दिसतात. एका प्रकारात दोघांना मिळून रजेचा एकच सामाईक साठा मिळतो, आणि त्यातून कोणी किती घ्यायची ते घरात बसून ठरवायचं असतं. दुसऱ्या प्रकारात आईची रजा आईची आणि वडिलांची वडिलांची. ज्याने आपली घेतली नाही त्याची ती बुडते, जोडीदाराच्या नावावर चढत नाही. पहिलीला मी वाटणी म्हणतो, दुसरीला वाटा. कागदावर दोन्ही सारख्याच न्याय्य वाटतात, पण घरखर्चाच्या वहीत त्यांचा हिशेब एकमेकांच्या उलट लागतो.

त्याआधी प्रसूती रजा बाजूला ठेवू, कारण तिचाही या घोळात हात असतो. प्रसूती रजा आईच्या शरीराला सावरायला मिळावी म्हणून असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या करारात ती किमान १४ आठवडे धरलेली आहे. भारतात २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली ती प्रसूती रजाच; त्यातला एक दिवसही वडिलांच्या नावावर करता येत नाही. बाळ जन्मल्यावर वडिलांना लगेच मिळणारे थोडे दिवस म्हणजे पितृत्व रजा. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशात ती कामाचे किमान १० दिवस आहे. वाटणी आणि वाटा हा प्रश्न येतो तो यानंतरच्या, मूल सांभाळण्यासाठीच्या पालकत्व रजेत.

सामाईक साठ्याची कल्पना जुनी आहे. स्वीडनने १९७४ साली आईपुरती असलेली रजा दोन्ही पालकांसाठी खुली केली. कायद्याने वडिलांना दार सताड उघडून दिलं, पण त्या वर्षी घेतल्या गेलेल्या एकूण दिवसांपैकी वडिलांचे दिवस होते जेमतेम अर्धा टक्का. ब्रिटनने २०१५ साली हाच मार्ग धरला. तिथे आईने आपली प्रसूती रजा आवरती घेतली, तर उरलेल्या रजेतून ५० आठवड्यांपर्यंत रजा आणि ३७ आठवड्यांपर्यंतचा भत्ता दोघांत वाटता येतो. म्हणजे वडिलांना रजा मिळायची ती आईच्या रजेतूनच. तिथेही ती घेणारे वडील थोडेच निघाले.

अशा वेळी "पुरुषांना नकोच असते" असं म्हणून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. मानसिकतेचा भाग आहेच, पण आधी पगाराच्या दोन पावत्या शेजारी शेजारी ठेवून पाहा.

समजा, त्याचा महिन्याचा पगार १०० आहे आणि तिचा ७०. (तुमच्याकडे उलट असेल तर नावं बदलून वाचा, हिशेब तोच राहतो.) रजेवर असताना पगाराच्या ६० टक्के भत्ता मिळतो. दोघं कामावर असताना घरात १७० येत होते. ती रजेवर गेली तर त्याचे १०० आणि तिचे ४२ मिळून १४२ येतात. तो गेला तर त्याचे ६० आणि तिचे ७०, म्हणजे १३०. सामाईक साठा असेल तर दर महिन्याला प्रश्न एकच असतो, १४२ की १३०? नव्या बाळाच्या घरात खर्च वाढलेले असतात, झोप झालेली नसते, भांडायची ताकद नसते. कोणीही १४२ म्हणणार. पुढच्या महिन्यातही १४२, त्याच्या पुढच्या महिन्यातही. असं करत करत साठा संपतो आणि सगळी रजा तिच्या नावावर लागते. एकदाही कोणी "रजा तूच घे" असं म्हटलेलं नसतं.

आता तोच संसार वाट्याच्या पद्धतीत बसवा. सहा महिने तिचे, सहा त्याचे, अदलाबदल नाही. पहिले सहा महिने तिने घेतले. सातव्या महिन्यात तीच घरी राहिली तर तिची रजा बिनपगारी होते आणि घरात फक्त त्याचे १०० येतात. तो घरी राहिला तर १३०. मघाशी जो आकडा तोट्याचा होता तोच आता फायद्याचा झाला. माणसं तीच, पगार तेच आणि भत्त्याचा दरही तोच. फक्त "न घेतलेली रजा कोणाकडे जाते" या एका नियमाने हिशेब फिरला. या दोन पद्धतींतला फरक एका ओळीत विचारला तर मी ही ओळ दाखवेन.

नॉर्वेने १९९३ साली चार आठवडे फक्त वडिलांसाठी राखून ठेवले. त्याआधी रजा घेणारे वडील अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. काही वर्षांतच हक्क असलेल्या वडिलांपैकी बहुसंख्य ती घेऊ लागले. स्वीडनने १९९५ मध्ये एक महिना राखीव केला, २००२ मध्ये दुसरा, २०१६ मध्ये तिसरा. कॅनडात क्वेबेक प्रांताने २००६ साली स्वतःची योजना काढून वडिलांसाठी पाच आठवडे वेगळे ठेवले, आणि तिथले वडील उरलेल्या कॅनडातल्या वडिलांपेक्षा कितीतरी जास्त संख्येने रजा घेऊ लागले. डेन्मार्कची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. त्यांनी वडिलांचे राखीव आठवडे आधी दिले, २००२ साली काढून घेतले आणि २०२२ साली प्रत्येक पालकाला ११ आठवडे राखीव देऊन पुन्हा आणले.

प्रत्यक्षात बहुतेक देशांत दोन्हींची भेसळ असते आणि फसगत तिथेच होते. स्वीडनमध्ये एका बाळामागे ४८० दिवस मिळतात, प्रत्येकाच्या नावे २४०. वाचणाऱ्याला वाटतं, वडिलांचा वाटा २४० दिवसांचा. पण त्यातले ९० दिवसच न देता येणारे आहेत. बाकीचे १५० एका सहीनिशी जोडीदाराकडे जाऊ शकतात. म्हणजे नावावर २४० आणि पक्के ९०. आइसलंडमध्ये २०२१ पासून प्रत्येकी सहा महिने आहेत आणि त्यातले फक्त सहा आठवडे दुसऱ्याला देता येतात. युरोपीय संघाच्या निर्देशात प्रत्येकी चार महिने, त्यातले दोन पक्के. त्यामुळे रजेचा नियम वाचताना आपल्या नावापुढचा आकडा पाहून थांबू नका. मनुष्यबळ विभागाला सरळ विचारा, "मी ही रजा घेतली नाही तर तिचं काय होतं?" "ती तुमच्या पत्नीला मिळेल" असं उत्तर आलं तर ती वाटणी. "ती बुडेल" असं आलं तर तो तुमचा वाटा.

वाटा असला म्हणजे झालं, असंही नाही. अमेरिकेच्या १९९३ च्या केंद्रीय कायद्यात, पात्र असलेल्या प्रत्येक पालकाला स्वतःचे १२ आठवडे मिळतात, पण बिनपगारी. नोकरी शाबूत राहते आणि घरात पैसा येत नाही, मग हप्ते डोक्यावर असलेला माणूस तो वाटा घेणार कसा? जपानमध्ये पैशाचीही तरतूद आहे. पहिले १८० दिवस पगाराच्या ६७ टक्के भत्ता मिळतो आणि वडिलांची रजा त्यांची स्वतःची आहे. तरीही २०१२ साली खासगी क्षेत्रातले दोन टक्केसुद्धा वडील ती घेत नव्हते, कारण आपल्या मागे काम कोणाच्या गळ्यात पडेल, साहेब काय म्हणतील, ही धास्ती होती. २०२२ पासून प्रत्येक होणाऱ्या वडिलांना रजेबद्दल स्वतः विचारणं मालकांवर बंधनकारक झालं, पुढच्या वर्षापासून मोठ्या कंपन्यांना आपले आकडे जाहीर करावे लागले, आणि २०२३ मध्ये प्रमाण ३० टक्क्यांवर गेलं. रजा मागायला जाण्यापेक्षा कोणीतरी "कधीपासून घेताय?" असं विचारणं किती सोपं असतं, हे ज्याने साहेबाच्या दारात उभं राहून शब्द जुळवले आहेत त्याला सांगायला नको.

पण तुमच्या नशिबी सामाईक साठाच असेल तर? आमच्या नशिबी तोच होता. माझी बायको सातव्या महिन्यात असताना एका रात्री आम्ही वर मांडलेला हिशेब वहीत केला, आणि १४२ चा आकडा पाहून दोघंही गप्प झालो. मग तिने विचारलं, "वर्षभरात फरक किती पडतो ते काढ ना." काढला. सगळी रजा तिने घेतली तर वर्षात घराचे ३३६ कमी होतात. सहा-सहा महिने वाटली तर ४०८. फरक ७२ चा, म्हणजे तिच्या एका पगाराच्या आसपास, आणि वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या साडेतीन टक्के. महिन्याकडे बघताना जो डोंगर वाटत होता तो वर्षाकडे बघितल्यावर टेकडी निघाला. दुसरं असं, की ते ३३६ "घराचे" कमी होत नव्हते. ते सगळेच्या सगळे तिच्या पगारातून जाणार होते. तिची निवृत्तीची शिल्लक, तिची पगारवाढ, तिची बढती. घराचा तोटा आणि तिचा तोटा हे आम्ही तोवर एकच समजत होतो.

त्या रात्री वहीच्या शेवटच्या पानावर तिने लिहिलं, "यातले चार महिने तुझे. ते मी घेणार नाही." मी खाली सही केली. कायद्याने वाटणी दिली होती, आम्ही घरातल्या घरात त्या वाटणीचा वाटा केला. मला वाटतं हे कोणत्याही जोडप्याला करता येतं. अट एकच, हे बाळ येण्याआधी व्हायला हवं. नंतर दर महिन्याला १४२ च जिंकतो.

पैशाची व्यवस्थाही त्याच वहीत लावावी. रजेच्या आधी खर्च निम्मे-निम्मे भरायची सवय असेल तर ती रजेत घातक ठरते. घरखर्च १०० धरला तर दोघांनी ५०-५० द्यायचे, आणि तिच्या हातात तर ४२ च येतायत. म्हणजे बाळाला सांभाळणारीच उसनवारीत. कमाईच्या प्रमाणात भरायचं ठरवलं तर त्याने साधारण ७० आणि तिने ३० द्यायचे. त्याच्याकडे ३० उरतात, तिच्याकडे १२. आम्ही तेही सोडलं. दोघांची मिळकत एका खात्यात, त्यातून घर चालवायचं, आणि उरेल ते दोघांच्या नावे अर्धं-अर्धं; या आकड्यांत २१-२१. मी रजेवर गेलो तेव्हाही हाच नियम लागू राहिला. तिच्या निवृत्तीच्या खात्यात रजेमुळे जे कमी पडलं ते याच सामाईक खात्यातून भरलं. हे शेवटचं बरेच जण विसरतात, आणि त्याची किंमत तीस वर्षांनी कळते.

आणखी एक केलं ते कामी आलं. रजा सुरू व्हायच्या आधीचे काही महिने आम्ही रजेतल्या उत्पन्नावर जगून पाहिलं. १७० येत असताना १३० त भागवायचं. सात महिन्यांत २८० बाजूला पडतात आणि कुठे खर्च आवरत नाही तेही आधीच कळतं. तुमच्याकडे भत्त्यावर कमाल मर्यादा असेल तर मात्र आकडे नव्याने मांडा. जर्मनीत मूळ पालक भत्ता महिन्याला १,८०० युरोवर थांबतो. अशा ठिकाणी जास्त पगारवाल्याची रजा घराला आणखी महाग पडते.

एकट्या पालकाचा प्रश्न वेगळा आहे. दुसरं कोणी नसताना "दुसऱ्याचा वाटा बुडाला" म्हणजे बाळाचेच दिवस बुडाले. स्वीडनमध्ये मुलाचा एकट्याकडे ताबा असलेल्या पालकाला पूर्ण ४८० दिवस मिळतात, आणि तेच बरोबर आहे.

राहिला प्रश्न दोघांनी रजा एकत्र घ्यायची की पाठोपाठ. पहिले काही दिवस एकत्र हवेतच. पण माझे चार महिने मी तिच्या पाठोपाठ घेतले. पहिल्या सोमवारी ती कामावर गेली आणि तासाभरात मी तिला तीनदा फोन केला: जादाचे कपडे कुठल्या खणात, दूध किती कोमट, आणि हे रडणं झोपेचं की भुकेचं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "तूच बघ, मला इथून काय कळणार." बाळ खांद्यावर, फोन हनुवटीखाली, एका हाताने बाटली धुत मी उभा होतो. झोपेचं रडणं आधी कुरकुरत येतं आणि कान चोळले जातात, भुकेचं एकदम टिपेला जातं, हे मला त्या आठवड्यात समजलं. आधीचे सगळे महिने मी त्याच घरात राहत होतो, पण तेव्हा विचारायला ती होती.

महिन्याभराने एका संध्याकाळी बाळ रडायला लागलं. ती नुकतीच कामावरून आली होती. तिने त्याला उचललं, थोडा वेळ थोपटलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "याला काय हवंय?"